चिमट्याची जागा

सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी गावामागच्या कातळी सड्यावरचा भोंगा तीन वेळा वाजला.

एकदा वाजला की माणसांनी दोरीमागे सरायचं, दोनदा वाजला की उड्डाण, तीनदा वाजला की रद्द. पाच चाचण्या बघून झाल्यावर आमच्या निवेळी गावातल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ होतं. पण तीन भोंगे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले. आधीची पाचही रॉकेटं जमीन सोडून गेली होती. पुढे त्यांचं काय झालं, ते वेगळं.

दोरीमागे दोघंच होतो. पहिल्या चाचणीला मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांच्या गाड्या लावायला सड्यावर जागा पुरली नव्हती. सहाव्या वेळी जिल्ह्याच्या दैनिकाची तालुका वार्ताहर म्हणून मी आले होते आणि मालवणचा एक फोटोग्राफर. तोही कुडाळला लग्नाचे फोटो काढायला निघालेला, वाटेत थांबलेला.

"फुटलं काय?" त्याने विचारलं.

"फुटलं असतं तर मला विचारायची वेळ आली असती का?"

रॉकेट जागेवरच होतं. पांढरं, सरळ, देवळापुढच्या दीपमाळेएवढं. कंटेनरमधल्या ऑफिसातून रॉयस्टन बाहेर आला. वसईचा मुलगा, कंपनीत इंजिनियर, दोन वर्षं रोज दुपारी माझ्या पडवीत जेवणारा. मला पाहिलं की लांबूनच हात करायचा. त्या दिवशी केला नाही.

"काय झालं रे?"

"होडी आहे काकू. दक्षिणेला. बंद केलेल्या पाण्याच्या बरोब्बर मधे."

"कोणाची?"

"इथून कसं कळणार? तुमच्याच गावची असेल." मग म्हणाला, "मास्तरांनी लिहिलं होतं ना सकाळी?"

"लिहिलं होतं. माझ्यासमोर."

"मग?" तो म्हणाला. आणि तसाच परत आत गेला.

मास्तर म्हणजे माझे यजमान, मोरेश्वर आंबेरकर. निवेळीच्या हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून वाचनालयाचा वार्ताफलक लिहायला लागले. आमच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, वाचनालयाच्या भिंतीला तो फळा आहे. वर पांढऱ्या खडूने गावच्या बातम्या: कोण वारलं, लाइट कधी जाणार, रेशनवर काय आलंय. सगळ्यात खाली गुलाबी ऑइलपेंटने रंगवलेली चौकट, तिच्यावर त्याच रंगात कायमचं नाव: 'आजचा चिमटा'. चौकटीतला मजकूर रोज नवा. गावातून बंदराकडे जाणाऱ्या माणसाला तिठा ओलांडावाच लागतो. वर कोण वारलं ते एखादा वाचायचा नाही, पण चिमटा वाचल्याशिवाय कोणाचं पाऊल पुढे पडत नसे. माझं वर्तमानपत्र गावात नऊला यायचं. तोवर गावाचं मत बनून गेलेलं असायचं.

नभोवेध कंपनीने सडा भाड्याने घेतला तेव्हा मास्तरांना जणू घबाड मिळालं. रॉकेट वर जायचं, वातावरणाच्या कडेपर्यंत पोचायचं, पृथ्वीभोवती न फिरता परत समुद्रात पडायचं, एवढाच त्या चाचण्यांचा हेतू. एकदा जमलं की पुन्हा, आणि पुन्हा. पहिलं रॉकेट झाडांच्या शेंड्यांवर गेलं आणि विझलं. दुसऱ्या दिवशी चिमटा आला: 'दिवाळीला सहा महिने आहेत. कंपनीला कोणीतरी कालनिर्णयाची सोय करावी.' दुसरं रॉकेट वर गेलं आणि वाकडं होऊन पाण्यात पडलं. चिमटा: 'वर जाणे व खाली येणे. आमचा पाडेली दत्ताराम हेच रोज माडावर करतो, आणि नारळही आणतो.'

कंपनीची मुख्य होती हेमांगी कुलथे. मूळची संगमनेरची, चौतिशीची, बारीक अंगाची, सावकाश जेवणारी. गावात खाणावळ नाही, म्हणून ती आणि रॉयस्टन आमच्याकडे जेवत. सड्यावरून आमच्या घराकडे येताना तिठा लागतोच. म्हणजे सकाळी तिठ्यावर त्यांची चेष्टा आणि दुपारी पडवीत त्यांचं ताट, दोन्ही एकाच घरातून. वाढताना मला तिच्याकडे बघवत नसे. ती मात्र एका अक्षराने कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "मास्तर, आज फलकावर नऊ किलोमीटर लिहिलंय. नऊ पूर्णांक चार होतं." मास्तरांनी दुसऱ्या दिवशी आकडा दुरुस्त केला. चिमटा तसाच ठेवला.

मी घरात बोलून बघितलं. "अहो, ती माणसं आपल्या घरचं मीठ खातात."

"मीठ आपण विकतो, अगं. आणि मी खोटं काय लिहिलं?"

"खोटं नाही लिहिलंत. पण रोज उठून..."

"लोक हसतात ते माझ्या लिहिण्याला की त्यांच्या रॉकेटला, हे त्यांचं त्यांनी ठरवावं."

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी त्यांनी कमाल केली. गुलाबी चौकट रिकामी ठेवली आणि वर, बातम्यांच्या जागी, पांढऱ्या खडूने, सरकारी वळणाने लिहिलं: 'जाहीर सूचना. आज रॉकेटची चाचणी असल्याने उत्तरेकडील पाणी बंद राहील. तरी उत्तरेकडील माशांनी दक्षिणेस जावे. दक्षिणेकडील माशांनी पाहुण्यांची सोय करावी व सहकार्य करावे.' लोक आधी चिमट्याची जागा बघायचे. ती कोरी. मग वर बघायचे, सूचना वाचायचे, आणि अर्ध्यात आल्यावर फुटायचे. फलकाचा फोटो दुबईपर्यंत फिरला. कुवेतहून एकाने मास्तरांना फोन करून सांगितलं की त्याच्या कंपनीतले मल्याळी लोकसुद्धा अर्थ विचारून विचारून हसताहेत.

पाचवं रॉकेट बरंच वर गेलं, पण वरून संदेश येणं थांबलं आणि ते कुठे पडलं तेही कळलं नाही. तेव्हा माझ्या पेपरने 'जनमत'चा कोपरा मागितला. पाच माणसं, पाच फोटो, प्रश्न एकच: पुन्हा पुन्हा त्याच चाचण्या करून काय मिळतं? मी बंदरावर पाच जणांना विचारलं. चौघांनी मला मास्तरांचे चिमटे म्हणून दाखवले, जसेच्या तसे, जणू त्यांनाच सुचलेत. पाचवा बाबल तांडेल. छोटी होडी, बायको मासळीच्या लिलावात बसणारी. तो म्हणाला, "आमका काय गो काकी, उडांदेत नायतर पडांदेत. मासे गावले म्हणजे झाला." त्यातल्या त्यात हेच एक मत म्हणायचं.

तो कोपरा छापून आला त्या दुपारी घावनं होती. हेमांगीने पेपर वाचून घडी करून बाजूला ठेवला.

"काकू, पहिलं घावन तव्याला चिकटतं ना?"

"चिकटतंच."

"मग तवा फेकता?"

झोपाळ्यावरून मास्तर बोलले, "कुलथेबाई, पाच घावनं चिकटली तर आमच्या घरात तव्याची नाही, बायकोची चौकशी होते."

"बोला, बोला," मी म्हटलं. "संध्याकाळचा चहा तिठ्यावरच प्या."

रॉयस्टनला ठसका लागला. हेमांगीही हसली. मग ताटातल्या घावनाची कड मोडत म्हणाली, "पाचवं चिकटलं नव्हतं मास्तर. कड करपली, एवढंच. सहावं सुटेल." आणि माझ्याकडे वळून, "आता सुटायलाच हवं. महिनाअखेर सड्याचा करार संपतोय. सहावं नीट झालं तर ग्रामसभेत मी आकडे घेऊन उभी राहीन. नाही झालं तर पुण्याच्या गुंतवणूकदारांचा फोन येईल, सामान बांधा म्हणून. त्यांनी तसं सांगितलंय."

मास्तरांनी झोपाळ्याला पायाने रेटा दिला. मला वाटतं, हे शेवटचं आहे हे त्यांना तेव्हाच कळलं.

सहाव्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीला, ती एकटी आली. जेवायला नव्हे. पडवीच्या पायरीवर उभी राहूनच बोलली.

"मास्तर, एक काम आहे. वरच्या वाऱ्याचे आकडे बदलले. रॉकेट आता दक्षिणेच्या अंगाने सोडावं लागेल."

"बरं."

"दोन दिवस रिक्षा फिरवून आम्ही सांगितलंय की उत्तरेचं पाणी बंद. आता उलटं. दक्षिण बंद, उत्तर खुली. पण रिक्षावाला कुडाळला लग्नाला गेलाय, कर्ण्यासकट. मच्छीमार सोसायटीचे सचिवही त्याच लग्नाला. फोन लागत नाही."

"रिक्षावाला नवरीचा मामा आहे," मास्तर म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत नाही यायचा."

"भरती सकाळी साडेसातची. त्याआधी खाडीतून होडी बाहेर पडत नाही. आणि बंदरावर जाणारा प्रत्येक माणूस तुमचा फलक वाचतो."

"वाचतो," मास्तर म्हणाले. त्यांनी झोपाळा थांबवला.

"लिहाल?"

"का नाही लिहिणार?"

ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "मास्तर, उद्या खाली चिमटा नको. एक दिवस."

मास्तर उठून उभे राहिले. "कुलथेबाई, माझी सगळी नोकरी शाळेतली. सूचना म्हणजे काय ते मला कळतं."

सकाळी मी त्यांच्याबरोबर तिठ्यावर गेले, कारण तिथूनच मला सड्याची वाट धरायची होती. त्यांनी पट्टी आणली होती. ओळी आखल्या. पांढरा खडू टोकदार करून घेतला आणि लिहिलं: 'जाहीर सूचना. आज रॉकेटची चाचणी असल्याने दक्षिणेकडील पाणी बंद राहील. उत्तरेकडील पाणी खुले आहे. मच्छीमार बांधवांनी सहकार्य करावे.' दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेचा फळा लिहायचे, तसं अक्षर काढलं होतं. मृत्यूच्या, रेशनच्या बातम्या त्या दिवशी घेतल्याच नाहीत, सूचनेवरून लक्ष उडू नये म्हणून. गुलाबी चौकट स्वच्छ पुसून कोरी ठेवली. मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन त्यांनी फलक पाहिला.

"कसं वाटतं?"

"छान."

"काही कमी-जास्त?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि मला खरंच तसं वाटलं होतं. इतकं बरं मला त्या फलकाबद्दल दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

तीन भोंग्यांनंतर अर्ध्या-पाऊण तासाने कंपनीच्या जीपमधून आम्ही बंदरावर उतरलो. हेमांगी पुढे बसली होती. जीप तिठ्यावरून न जाता सड्याच्या कच्च्या वाटेने थेट धक्क्यापाशी निघाली.

चाचणीच्या दिवशी गस्तीची बोट असायची. ती एका होडीला दोर बांधून आत येत होती. धक्क्यावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. तिठ्याच्या बाजूने मास्तरही येऊन पोचले होते, जरा धापा टाकत. होडी जवळ आली आणि सगळ्यांनी ओळखली. बाबल नाळीवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभा होता. त्याने मास्तरांना गर्दीत हेरलं आणि लांबूनच ओरडला,

"मास्तरानू! आज काय फक्कड लिवलास!"

गर्दीतून हशा आला.

"रिक्षा सांगता उत्तर बंद, आणि मास्तर सांगतत दक्षिण बंद!" बाबल धक्क्यावर चढत म्हणाला. "मी म्हटलंय, मास्तरांनी आज रिक्षावाल्याकच चिमटो काढल्यानी. खाली बघलंय तर चिमट्याची जागा मोकळी! तेवाचीच गजाल, माशांच्या सूचनेची! हसान हसान पोटात दुखला माझ्या."

पुन्हा हशा. पण या खेपेला तो मधेच तुटला, कारण गस्तीचे अधिकारी साटम बोटीतून उतरून समोर उभे होते.

"हसायला काय झालं?"

पुढची माणसं दोन पावलं मागे सरली.

"मॅडम," साटम हेमांगीला म्हणाले, "बंद पाण्यात होडी सापडली. पाणी कुठलं बंद आहे हे गावाला कळवायची जबाबदारी कंपनीची. कळवलं होतंत?"

"हो."

"मग याचा परवाना जाणार आणि होडी जप्त. कळवलं नसेल तर तुमची परवानगी थांबते. दोनातलं एक मला आज लिहावं लागेल. मधलं काही नाही."

बाबलचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. त्याने आधी साटमांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग होडीकडे. त्याची बायको शालन टोपली घेऊन आली होती. तिने टोपली उपडी केली आणि तिच्यावर बसली.

"कसं कळवलं?" साटमांनी विचारलं.

"तिठ्यावरच्या फलकावर," हेमांगी म्हणाली. "सकाळपासून लिहिलेलं आहे."

"दाखवा."

सगळे निघाले. पुढे साटम, हेमांगी आणि रॉयस्टन, मागे सगळं बंदर. मास्तर माझ्या बाजूने चालत होते. सड्यावर फोन बंद ठेवायचा नियम होता, तो मी चालता चालता सुरू केला. 'आमची निवेळी' ग्रुपवर ओळीने निरोप येऊन पडले होते. सगळ्यात वर फलकाचा फोटो, सकाळी सातच्या आधीचा. आखलेल्या ओळींवरची सूचना, खाली कोरी चौकट. त्याच्याखाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे, रांगाच्या रांगा. 'मास्तर रॉक्स'. 'रॉकेट गेलं खड्ड्यात, मास्तर वर'. 'दक्षिणेकडचे मासे सासरी निघाले'. खाली खाली जात राहिले, तरी खरंच दक्षिण बंद आहे का, असं विचारणारा एक निरोप नव्हता.

तिठ्यावर पोचलो आणि पुढची माणसं थांबली म्हणून मागची थांबली.

फलक कोरा होता. नुसता पुसलेला नव्हे, धुतलेला. काळ्या रंगावर पाण्याचे ओघळ होते आणि खालच्या फळीवरून थेंब गळत होते. गुलाबी चौकट तेवढी शाबूत, तिच्यावर 'आजचा चिमटा', आणि आत काही नाही.

मी मास्तरांकडे पाहिलं. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.

"हा फलक कोण लिहितं?" साटमांनी विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

"आज यावर काय लिहिलं होतंत?"

माझ्याभोवती तीसेक माणसं उभी होती. प्रत्येकाच्या खिशात तो फोटो होता. शालनच्या कमरेला खोचलेल्या फोनमध्येही असणार. कोणाचा हात खिशाकडे गेला नाही. हॉटेलवाला गजा पुढे येऊन उभा होता. फोटो त्यानेच काढलेला; त्याने पायातल्या चपलेकडे बघायला सुरुवात केली.

"मास्तर," हेमांगी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुम्ही लिहिलं होतं ना?"

मास्तरांनी घसा खाकरला. वर्गात बोलायच्या आधी खाकरायचे, तसाच. मग फलकाकडे बघत म्हणाले,

"आज... आज अजून लिहायचंय."

ते वाक्य मला अजून कुठेही ऐकू येतं. भांडी घासताना, एसटीत.

"अहो!" माझ्या तोंडून निघालं. "साटमसाहेब, सकाळी मी स्वतः..."

हेमांगीने माझा दंड धरला. घट्ट नाही, पण धरला. ती बाबलकडे बघत होती. बाबल तिच्याकडे बघत नव्हता. तो ओल्या फळ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"साहेब," ती म्हणाली, "कळवायचं राहून गेलं. वाऱ्याचे आकडे उशिरा आले. चूक आमची."

साटमांनी फळ्याला बोट लावलं. ओलं बोट पँटला पुसलं. ते काही दुधखुळे नव्हते. "विचार करून बोला, मॅडम. मी हे कागदावर घेणार आहे."

"घ्या."

रॉयस्टनने शिवी हासडली, वसईकडची असावी, आणि जीपकडे निघून गेला.

दुपारी ती जेवायला आली, रोजच्या वेळेला. मी वाढत होते. आमटी ताटाबाहेर गेली.

"का केलंस असं?" मी विचारलं. मी तिला अहो-जाहो करायचे. त्या दिवशी जमलं नाही.

"भोंगा वाजला तेव्हाच माझं उड्डाण गेलं होतं, काकू. खरं सांगून ते परत येणार होतं का? नुसती त्याची होडी गेली असती."

"पण परवानगी?"

"तीही गेली असतीच. करार संपतोय." तिने भात कालवला. "आणि गावाला हसायची सवय लागली, ती माझ्यासमोर. रोज वाचत होते आणि रोज येऊन गप्प जेवत होते. पहिल्याच दिवशी मास्तरांना म्हणायला हवं होतं, की नको." मग म्हणाली, "बातमी किती वाजता पाठवता तुम्ही?"

"पाचपर्यंत."

"तांत्रिक कारण, असं लिहा."

"ते खरं नाही."

"मग मी असं म्हटलं, असं लिहा. ते तर खरं आहे."

तेवढंच लिहिलं. 'तांत्रिक कारणामुळे चाचणी रद्द झाल्याचे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले.' पेपरच्या डेस्कने मथळा दिला: 'सहावा बाण जागेवरच फुसका'. सोबत लग्नाला निघालेल्या त्या फोटोग्राफरचा फोटो, पांढरं रॉकेट आणि मागे निळं आकाश. फोटो फार सुंदर आला होता.

हात धुवून निघताना तिने विचारलं, "मास्तर कुठायत?"

"झोपलेत," मी म्हटलं. झोपाळा अजून हलत होता. तिने तो पाहिला, चपला घातल्या आणि गेली.

संध्याकाळी शालन आली. टोपलीभर बांगडे, वर केळीचं पान. "मास्तरांनी आमका वाचवल्यानी, काकी. फळो पुसलो नसतो तर होडी गेली असती आमची. देवासारखे आसत." मास्तर आत होते, त्यांना ऐकू जात होतं. मी बांगडे घेतले. न घेऊन काय सांगणार होते? ते त्यांनी खाल्ले नाहीत. मीही नाही. शेजारी देऊन टाकले.

गावात हेच पक्कं झालं. मास्तरांनी प्रसंगावधान राखलं आणि गरिबाची होडी वाचवली. ग्रामसभेत सड्याचा करार पुढे न वाढवायचा ठराव आला तेव्हा हात वर झाले, त्यात बाबलचाही होता. हेमांगी आकडे घेऊन आली नव्हती. तिला बोलावलंच नव्हतं. रॉकेटचे दोन भाग करून ताडपत्रीत गुंडाळून ट्रकने नेले, तेव्हा तिठ्यावर ट्रक वळेना म्हणून चार जणांनी मदत केली. ते उडालं असतं का, हे कोणालाच माहीत नाही.

मास्तर त्यानंतर काही दिवस वरच्या बातम्या लिहीत राहिले. चौकट कोरी ठेवायचे. लोक थांबून वर बघायचे आणि कोणाच्या तरी मृत्यूची बातमी वाचून हसायला लागायचे, आता पुढे गंमत येईल म्हणून. एका सकाळी ते खडूची पिशवी तशीच परत घेऊन आले आणि खुंटीला लावली. मी विचारलं नाही.

विचारलं ते तीन वर्षांनी. बाबलच्या मुलाचं लग्न होतं. मांडवात व्याह्यांना बाबलने मास्तरांची ओळख 'आमची होडी वाचवणारे' अशी करून दिली. मास्तर नमस्कार करून उठले. घरी येताना मी म्हटलं, "एवढं तोंड का उतरतं तुमचं? बाबलसाठी केलंत ना?"

ते तिठ्यापाशी थांबले.

"भोंगे वाजले तेव्हा मी वाचनालयात होतो," ते म्हणाले. "गजा आला, म्हणाला, तुमचा फळा वाचून कोणीतरी दक्षिणेला होडी नेली, म्हणून थांबवलं. बादली तिथेच होती. मी फळा धुतला."

"हं."

"कोणाची होडी ते मला धक्क्यावर गेल्यावर कळलं."

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि गावाने विचारलेलंही नाही.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तो फोटो ग्रुपवर अधूनमधून फिरत येतो, कोणीतरी 'जुने दिवस' म्हणून टाकतं. पिवळे चेहरे अजून येतात.

गेल्या मंगळवारी माझ्या फोनवर निरोप आला. 'काकू, ओळखलंत का? हेमांगी. नवी कंपनी आहे, लहान आहे. सड्यासाठी पंचायतीकडे अर्ज केलाय. मिळाला तर चार माणसांचं जेवण जमेल का? आणि मास्तरांना विचारा, फलक अजून आहे का?'

मी मास्तरांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

अर्जावर रविवारी ग्रामसभा आहे. बंदरावर लोक काय म्हणतात ते विचारून पाठवा, असं पेपरने कळवलंय. काल दोघांना विचारलं, दोघांनीही तोच दिवाळीचा चिमटा म्हणून दाखवला. आज सकाळी साडेसहाला मास्तरांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि तिठ्यावर गेले. आठ वाजता गजाचा फोन आला, की मास्तर हातात खडू घेऊन उभे आहेत, चहा दिला तो घेत नाहीत. साडेनऊला मी जाऊन बघून आले. गुलाबी रंग बराच उडालाय, पण चौकट आहे.

हे लिहीपर्यंत फलक कोरा आहे.